[मंडळ-यादी] गॅल्व्हस्टन क्रूझ: पोरांना पासपोर्ट लागतो की नाही?

प्रेषक: स्वप्नील
सोमवार, रात्री १०:१२

अनघाताईंच्या शीटमध्ये ‘मुलांची कागदपत्रं’ असा रकाना आहे, त्यात काय भरायचं? थोरली सात वर्षांची, धाकटा दीड. दोघेही इथे अमेरिकेतच जन्मलेले, पासपोर्ट एकाचाही नाही. क्रूझ कंपनीच्या साइटवर ‘पासपोर्टची शिफारस करतो’ म्हटलंय. म्हणजे लागतो का नाही लागत? गुरुवारी यादी जाणार आहे. कोणीतरी एका ओळीत सांगा.

प्रेषक: मिलिंद
सोमवार, रात्री १०:४०

एका ओळीत: नाही लागत.

दोन ओळींत: आपलं जहाज टेक्सासच्या गॅल्व्हस्टनहून निघून गॅल्व्हस्टनलाच परत येतं, म्हणजे ही ‘क्लोज्ड लूप’ क्रूझ. समुद्रमार्गाने अमेरिकेत येणाऱ्यांसाठी कागदपत्रांचा नियम १ जून २००९ पासून कडक झाला, पण त्यातच अशा फेऱ्यांना सवलत ठेवली आहे. अमेरिकन नागरिक असलेल्या १६ वर्षांखालच्या मुलाला जन्मदाखला पुरतो, फोटो आयडीसुद्धा नको. दाखला काउंटीचा किंवा राज्याचा हवा. हॉस्पिटलने दिलेला, पायाचे ठसे असलेला शोभेचा कागद चालत नाही.

होंडुरासचं रोआतान, मेक्सिकोचे कोस्टा माया आणि कोझुमेल, तिन्ही थांबे या सवलतीत बसतात. मार्टिनिक किंवा ग्वादलूप असतं तर पासपोर्ट लागलाच असता. म्हणून शीटमधलं ‘पासपोर्ट सक्तीचा’ काढावं ही विनंती.

प्रेषक: अनघा
मंगळवार, सकाळी ७:०५

मिलिंदकाका, शीट मी बनवली आहे आणि तो शब्द विचार करूनच टाकलाय. मागच्या वेळी बहामाच्या सहलीत धक्क्यावर काय झालं ते यादीवरच्या सगळ्यांना ठाऊक आहे, पुन्हा उगाळत नाही.

सवलत आहे ती जहाजाने परत येण्याची. मुलाला ताप आला, हाड मोडलं किंवा जहाज चुकलं तर विमानानेच यावं लागतं, आणि विमानाला जन्मदाखला चालत नाही. रोआतान हे बेट आहे, होंडुरासची अमेरिकन वकिलात तेगुसिगाल्पात, मुख्य भूमीवर. आजारी लेकरू घेऊन आधी तिथे पोचायचं, मग तातडीचा पासपोर्ट मिळणार. कोझुमेलला राहिलात तर फेरीने प्लाया देल कार्मेनला या, मोठं कॉन्सुलेट पुढे मेरिदाला.

२२ कुटुंबांपैकी कोणाचं काय अडेल हे मी घरी बसून ओळखू शकत नाही. सक्तीचा राहील.

प्रेषक: प्राची
मंगळवार, सकाळी ९:३०

पासपोर्ट कार्ड काढलं तर? मुलांना १५ डॉलर आणि वर ३५ डॉलर, एवढंच. पाकिटातही मावतं.

प्रेषक: मिलिंद
मंगळवार, सकाळी ९:५२

प्राची, कार्ड क्रूझला चालतं, पण परदेशातून विमानाने येताना चालत नाही. अनघाची सगळी भीती विमानाचीच आहे, म्हणजे कार्डाने तिचा प्रश्न सुटत नाही, आणि माझा प्रश्न मुळात नाहीच. दाखला घरात असेल तर कार्डाचे पन्नास डॉलर कशाला?

आणि हो, टेक्सासचं रिअल आयडी लायसन्स नागरिकत्वाचा पुरावा धरत नाहीत. त्यावर नुसती चांदणी असते. धरतात ते एनहान्स्ड लायसन्स, आणि टेक्सास ते देत नाही. मोठ्या मंडळींनी ध्यानात ठेवा.

प्रेषक: रेवती
मंगळवार, दुपारी १२:१५

तुमचं ‘लागतो-नाही लागत’ फक्त इथे जन्मलेल्या मुलांपुरतं चाललंय. शीटमध्ये निदान सात-आठ मुलं त्यात बसत नाहीत.

भारतात जन्मलेलं, ग्रीन कार्डवर इथे आईवडिलांजवळ राहणारं, आणि १८ पूर्ण व्हायच्या आत आईबाबांपैकी कोणीतरी नागरिक झालं, असं मूल २००० च्या कायद्याने आपोआप नागरिक होतं. पण त्याच्या हातात पुरावा काहीच नसतो! पुण्याच्या महापालिकेचा जन्मदाखला जन्म सिद्ध करतो, अमेरिकन नागरिकत्व नाही. अशा मुलाला पासपोर्ट हवाच, नाहीतर एन-६०० भरून नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. त्याची फी हजार डॉलरांच्या वर आणि वेळ महिन्यांत मोजायचा, तेव्हा पासपोर्टच. अर्जासोबत मुलाचं ग्रीन कार्ड, आईबाबांची नावं असलेला जन्मदाखला आणि नागरिक झालेल्या पालकाचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, सगळं मूळ प्रतीत. भारतीय पासपोर्टवर त्याला जहाजावर चढवायचा विचारही नको, नागरिकत्व मिळालं की तो परत करायचा असतो.

ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो त्याचा) इथे काडीचा उपयोग नाही. दोघांनी मला खासगीत विचारलं म्हणून सांगते.

एच-४ वरची, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरची मुलं: भारतीय पासपोर्ट आणि त्यावर चालू व्हिसा. व्हिसा संपलाय पण आय-९४ (इथे राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे अशांना ३० दिवसांच्या आत परत यायची सवलत आहे, हे सगळे एकमेकांना सांगतात. ती एच-४ ला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती. आपलं जहाज रोआतानला, म्हणजे होंडुरासला जातं. तिथे सवलत संपली. नुसती कोझुमेलची चार रात्रींची फेरी असती तर गोष्ट वेगळी होती. होंडुरासच्या व्हिसाचं काय ते भारतीय पासपोर्टवाल्यांनी कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवरच्या शब्दावर जाऊ नका.

प्रेषक: दिलीप (खजिनदार)
मंगळवार, दुपारी १:४०

कागदपत्रं नाहीत म्हणून ऐनवेळी कोणी गळालं तर डिपॉझिट मंडळ भरून देणार नाही. हे मी सप्टेंबरच्या मेलमध्येही लिहिलं होतं. पासपोर्टचा खर्चही मंडळाचा नाही.

प्रेषक: स्वप्नील
मंगळवार, रात्री ८:२०

एक ओळ मागितली होती :) ठीक आहे, पासपोर्ट काढतो. नऊ आठवडे आहेत, साधा अर्ज पुरेल ना? पासपोर्टच्या साइटवर ४ ते ६ आठवडे दिसतंय.

प्रेषक: अनघा
मंगळवार, रात्री ९:०२

नाही पुरणार. त्या ४-६ मध्ये टपाल धरलेलं नाही. अर्ज पोचायला दोन आठवडेही लागतात, पासपोर्ट परत यायला आणखी दोन. सहा अधिक चार म्हणजे दहा. ६० डॉलर जास्त देऊन एक्स्पिडाइट करा, म्हणजे २-३ आठवडे आणि वर टपाल.

फॉर्म डीएस-११. छापून न्या पण सही करू नका, सही खिडकीवरच्या माणसासमोर. मूल स्वतः हजर हवं, दीड वर्षाचं असलं तरी, आणि आईबाबा दोघंही. एकाला जमत नसेल तर त्याने डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म नोटराइज करून द्यायचा, सोबत नोटरीला दाखवलेल्या आयडीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स. इथे निम्मे लोक मागची बाजू विसरतात. तो फॉर्म तीन महिनेच चालतो.

पैसे दोन वेगळे. पासपोर्टचे १०० अधिक एक्स्पिडाइटचे ६०, म्हणजे १६० चा चेक किंवा मनी ऑर्डर परराष्ट्र खात्याच्या नावाने, आणि ३५ पोस्टाला किंवा लायब्ररीला, जिथे अर्ज देता तिथे. दोन्ही मिळून एकच चेक नेला की परत पाठवतात. १६० ला क्रेडिट कार्ड चालत नाही.

फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी. धाकट्याला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढा, सावली पडू देऊ नका. मान सावरणारा आईचा हात दिसला की फोटो बाद.

प्रेषक: मिलिंद
मंगळवार, रात्री ९:३०

या घाईत खरी मेख राहिलीच. डीएस-११ सोबत मूळ जन्मदाखला जातो, आणि तो पासपोर्टच्या पाकिटात नव्हे, वेगळ्या पाकिटातून परत येतो. पासपोर्ट रेंगाळला तर क्रूझच्या दिवशी हातात पासपोर्टही नाही आणि दाखलाही नाही! आज ज्याला पासपोर्टची गरज नाही त्याला अर्ज करूनच आपण अडचणीत घालू.

तोड सोपी आहे: आधी दाखल्याची दुसरी प्रमाणित प्रत मागवा, राज्याकडे एका प्रतीला २२ डॉलर. लाँग फॉर्मच मागा, आईबाबांची पूर्ण नावं असलेला. छोट्या गोषवाऱ्यावर पासपोर्टवाले अडवू शकतात. सीबीपी (सीमेवर कागद तपासणारं सरकारी खातं) लहान मुलांना झेरॉक्सवरही घेते, पण आपल्याला जहाजावर चढवणारे सीबीपीचे नसतात, कंपनीचे असतात.

प्रेषक: रेवती
मंगळवार, रात्री १०:०५

काकांचं हे मात्र बरोबर.

नावाचंही पाहा. आपल्याकडे दाखल्यावर मुलाचं, वडिलांचं आणि आडनाव अशी तीन नावं, आणि बुकिंगमध्ये कोणी घरातलं लाडकं नावच टाकून ठेवतं. चिनू, पिंट्या चालणार नाही, कागदावर जे आहे तेच. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव असतं, म्हणून आई एकटी मुलांना नेत असेल तर विवाहाचा दाखला आणि वडिलांचं नोटराइज केलेलं संमतिपत्र जवळ ठेवावं. आजी-आजोबांबरोबर एकटी जाणारी तीन मुलं आहेत, त्यांच्यासाठी आई आणि बाबा दोघांचं पत्र.

प्रेषक: प्राची
बुधवार, सकाळी ८:१०

आमच्या शेजाऱ्यांचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं असेल. त्याला दाखला पुरेल का?

प्रेषक: मिलिंद
बुधवार, सकाळी ८:२५

दाखला पुरेल, बाळच चालणार नाही. सहा महिने पूर्ण हवेत, तेही जहाज निघण्याच्या दिवशी. सलग तीन दिवस भर समुद्रात असतील अशा फेऱ्यांना वर्ष पूर्ण लागतं.

प्रेषक: अनघा
बुधवार, सकाळी ११:४५

रकाना बदललाय. आता तीन पर्याय: ‘पासपोर्ट हातात’, ‘अर्ज केला, दाखल्याची दुसरी प्रत घरी’, ‘फक्त दाखला, जोखीम माहीत आहे’. तिसरा निवडणाऱ्यांनी समोर स्वतःचं नाव लिहावं. ‘सक्तीचा’ हा शब्द काढलाय, काका.

भारतात जन्मलेल्या मुलांना तिसरा पर्याय नाही. दोन आठवडे उरले आणि पासपोर्ट आला नसेल तर ह्यूस्टनच्या पासपोर्ट एजन्सीची वेळ घ्या, प्रवासाच्या आधीच्या १४ दिवसांतच ती मिळते.

प्रेषक: दिलीप (खजिनदार)
बुधवार, दुपारी १२:०५

तिसऱ्या पर्यायासमोर नाव म्हणजे डिपॉझिटची जबाबदारीही त्यांचीच, हे रकान्याच्या वर ठळक लिहावं. आणि जेवणाची पहिली पंगत की दुसरी, ते अजून ११ जणांनी कळवलेलं नाही.