जुन्या स्पोर्ट्स गाडीची पहिली शर्यत: शनिवार-रविवारचे नियोजन कसे करावे?

प्रश्न (सारथी)

माझ्याकडे १९६३ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. १७९८ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम आणि तारांची चाके, असे तिचे स्वरूप आजही मूळचेच आहे. रोल बार, सहा पट्ट्यांचा सीट बेल्ट आणि अग्निशामक यंत्रणा नियमांप्रमाणे बसवून घेतली आहे. शर्यतीच्या परवान्यासाठी लागणारे प्रशिक्षण मी पूर्ण केले आहे आणि मोकळ्या ट्रॅकवर ही गाडी पुष्कळ चालवली आहे, परंतु वीस-पंचवीस गाड्यांच्या रांगेतून सुटून प्रत्यक्ष शर्यत करण्याची ही पहिलीच वेळ असेल.

शनिवारी तांत्रिक तपासणी, सराव आणि पात्रता फेरी आहे, तर रविवारी प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांच्या दोन शर्यती आहेत. सरावाचा वेळ मी कशासाठी वापरावा, दोन सत्रांच्या मधल्या वेळेत गाडीचे नेमके काय पाहावे आणि आमच्याच गटात असलेल्या बऱ्याच अधिक वेगवान गाड्या मागून आल्यावर मी कसे वागावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद (जुना मेकॅनिक)

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्यांदा उतरलेल्या चालकाची शर्यत अनेकदा वेग कमी पडल्यामुळे संपत नाही, तर शनिवारी दुपारी सैल झालेला एखादा नट कोणाच्याच लक्षात न आल्यामुळे संपते.

सुरुवात चाकांपासून करावी. तारांचे चाक मधल्या एकाच मोठ्या नटाने धरून ठेवलेले असते आणि चाकाच्या आतील दाते हबवरील दात्यांवर नीट बसलेले नसतील, तर पहिल्या सत्रातील ताणाने तो नट थोडा सैल पडू शकतो. त्यामुळे प्रत्येक सत्रानंतर गाडी जॅकवर घेऊन तांब्याच्या हातोडीने तो पुन्हा ठोकून पाहावा. त्याच वेळी प्रत्येक तारेवर पान्याने हलका टोला द्यावा. घट्ट तार खणखणीत वाजते आणि सैल किंवा तुटलेली तार बद्द आवाज करते. या कामाला फार वेळ लागत नाही, पण ते मदतनिसावर सोपवून मोकळे होऊ नये, स्वतः करावे.

त्यानंतर ब्रेक. डॉट ४ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि पुरेसा ओलावा शिरल्यावर हाच आकडा १५५ अंशांच्या आसपास घसरू शकतो. रस्त्यावर हा फरक सहसा जाणवत नाही, परंतु शर्यतीत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी पेडल अचानक खोल जाते ते यामुळेच. म्हणून शर्यतीआधीच्या आठवड्यात नवे ऑइल भरून घ्यावे आणि शनिवारच्या सरावानंतर पेडल मऊ लागत असेल, तर ब्रेकमधील हवा काढल्याशिवाय पात्रता फेरीला उतरू नये. सत्र संपवून गाडी उभी केल्यावर हँडब्रेक मुळीच ओढू नये, चाकाखाली ठोकळा लावावा. तापलेल्या ड्रमला ब्रेकशू एका जागी दाबून ठेवले, तर ड्रम थंड होताना वाकडा होण्याची शक्यता असते.

इंजिनाच्या बाबतीत तुमच्या सालाची गाडी थोडी अधिक काळजी मागते. १९६४ च्या उत्तरार्धापर्यंतच्या एमजीबीमध्ये क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, तीनच मुख्य बेअरिंग होती, पुढे ती पाच झाली. तीन बेअरिंगचे इंजिन अतिशय गुणी आहे, पण त्याला वरच्या आरपीएमवर फार काळ रेटू नये आणि तेलाच्या दाबाकडे कायम लक्ष ठेवावे. लांब वळणात तेल सम्पच्या (इंजिनाखालील तेलाच्या टाकीच्या) एका बाजूला सरकते आणि पंपाच्या तोंडाशी काही क्षण हवा येते, तेव्हा दाबाचा काटा खाली येताना दिसतो. असे दिसले, तर तेलाची पातळी लगेच तपासावी आणि सम्पमध्ये आडवे पत्रे बसवलेले आहेत का, याची गाडी तयार करणाऱ्याकडून खात्री करून घ्यावी. तेल निवडताना जस्तयुक्त घटकांचे पुरेसे प्रमाण असलेलेच घ्यावे, कारण जुन्या पद्धतीचे टॅपेट आणि कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग) यांच्यातील घर्षण आधुनिक गाड्यांच्या तेलाला नेहमी झेपत नाही.

सुट्या भागांच्या पेटीत रोटर आर्म, कंडेन्सर, पॉइंट, पंख्याचा पट्टा, ॲक्सिलरेटरची केबल आणि एसयूच्या डॅम्परसाठी तेल एवढे असले, तरी शर्यतीच्या ठिकाणी उद्भवणाऱ्या बऱ्याचशा किरकोळ अडचणी तिथेच सोडवता येतात.

प्रतिसाद (दुहेरी क्लच)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी फक्त चालवण्याविषयी लिहितो.

सरावात लॅप टाइमकडे पाहूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या काही फेऱ्या ब्रेक, टायर आणि तेल तापवण्यात जातात. त्यानंतर प्रत्येक वळणासाठी ब्रेक लावण्याची एक ठळक खूण निश्चित करावी, आणि ती खूण पुढच्या फेरीत पुढे ढकलण्याऐवजी त्याच खुणेवर पुन्हा पुन्हा तितकाच दाब देता येतो का, हे पाहावे. ज्याच्या फेऱ्या सारख्या येतात त्याच्या मागेपुढे चालणाऱ्यांनाही त्याचा अंदाज येतो, आणि एकमेकांचा अंदाज येणे हीच जुन्या गाड्यांच्या शर्यतीतील खरी सुरक्षितता आहे.

तुमच्या गाडीचा पहिला गिअर सिंक्रोमेशविना (गिअर जुळताना त्यांचा वेग आपोआप समान करणाऱ्या रचनेविना) आहे, त्यामुळे धावत्या गाडीत त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात उतरताना मात्र क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका झटका द्यावा आणि मग पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकावा. सिंक्रोमेश असूनही हे करावे, कारण त्यामुळे गिअरबॉक्स वाचतो आणि वळणाच्या तोंडाशी मागच्या चाकांना बसणारा हिसकाही टळतो. मागे सलग ॲक्सल आणि पट्ट्यांच्या स्प्रिंगा असलेली ही गाडी वळणाच्या मध्यावर अचानक ॲक्सिलरेटर सोडणे सहन करत नाही. भार पुढे सरकतो आणि मागचा भाग बाहेर येतो. तेव्हा आत शिरण्याआधीच वेग पुरेसा कमी करावा आणि वळणात पाय स्थिर ठेवावा.

टायरविषयी माझे मत अनेकांना पटत नाही, तरीही मांडतो. नियमांत परवानगी असली, तरी अधिक पकडीचे आधुनिक टायर घेऊ नयेत. जुन्या धाटणीचे क्रॉस-प्लाय (आतील धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदणारे) टायर आधीपासून सूचना देत हळूहळू सरकू लागतात, तर चिकट टायर उशिरा आणि एकदम सुटतात, शिवाय त्यांच्या वाढीव पकडीचा सगळा ताण त्या काळच्या हबवर, तारांवर आणि स्टब ॲक्सलवर (पुढचे चाक ज्यावर फिरते त्या आखूड आसावर) पडतो. साठ वर्षांपूर्वीच्या अभियंत्याने ज्या भारासाठी तो भाग आखला, त्याहून अधिक भार त्यावर टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला मनापासून वाटते.

सारथी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टायरचा प्रश्न माझ्यापुरता सुटला. मागून येणाऱ्या गाड्या आणि झेंडे यांविषयी कोणी लिहू शकेल का? प्रशिक्षणात सर्व झेंडे शिकवले होते, पण शर्यतीच्या गर्दीत ते पाहायचे कसे, ही शंका आहे.

प्रतिसाद (वळणावरचा मार्शल)

मी मार्शल, म्हणजे ट्रॅककडेला उभे राहून झेंडे दाखवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो.

निळा झेंडा, म्हणजे मागून अधिक वेगवान गाडी येत असल्याची खूण, दिसला की नवखा चालक अनेकदा वाट देण्यासाठी आपली रेषा सोडून बाजूला होतो आणि नेमकी तीच जागा मागच्याने ओलांडण्यासाठी निवडलेली असते. तुम्ही तसे करू नये. तुमची रेषा धरून ठेवावी, अचानक ब्रेक लावू नये आणि नियमांत असेल, तर कोणत्या बाजूने जायचे ते हाताने स्पष्ट दाखवावे. सुरक्षित रीतीने ओलांडण्याची मुख्य जबाबदारी मागच्या चालकाची असते. अमेरिकेतील अनेक जुन्या गाड्यांच्या संघटना ‘१३/१३’ नावाचा नियम पाळतात, ज्यानुसार अपघाताला जबाबदार ठरलेला चालक १३ महिने निगराणीखाली राहतो आणि त्या मुदतीत पुन्हा दोषी ठरला, तर त्याला १३ महिने शर्यतीबाहेर बसावे लागते. ज्या गाड्या पुन्हा तशाच बनवता येणार नाहीत, त्यांच्यासाठी असा कडक नियम मला योग्यच वाटतो. ब्रिटनमध्ये नवख्याच्या गाडीमागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावतात. तुमच्याकडे अशी खूण असेल, तर ती संकोच न करता लावावी, कारण ती पाहून मागचा चालक अधिक अंतर ठेवतो.

झेंडे पाहण्याची सवय सरावातच लावून घ्यावी. प्रत्येक मार्शल चौकी नेमकी कुठे आहे हे आदल्या दिवशी ट्रॅकवरून पायी फिरताना पाहून ठेवावे आणि चालवताना वळणात शिरण्याआधी नजर एकदा त्या चौकीवरून फिरवून मगच वळणाच्या आतल्या टोकाकडे न्यावी. पिवळा झेंडा असताना कोणालाही ओलांडायचे नाही आणि वेग उघड दिसेल इतका कमी करायचा, कारण पुढे आमच्यापैकी कोणीतरी गाडी बाहेर काढण्यासाठी ट्रॅकजवळ उभा असू शकतो. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा पुढे तेल सांडल्याचे किंवा पृष्ठभाग निसरडा झाल्याचे सांगतो. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत तो वारंवार दिसतो, त्याला हलक्यात घेऊ नये. काळ्या झेंड्यावर नारिंगी गोल आणि सोबत तुमचा क्रमांक दिसला, तर तुमच्या गाडीतून काहीतरी गळत किंवा लोंबत आहे असे समजून पिटकडे (ट्रॅकलगतच्या गाड्या दुरुस्त करण्याच्या जागेकडे) यावे. स्वतःला इंजिन ठणठणीत वाटत असले, तरीही यावेच, कारण मागून काय दिसते हे आम्हालाच कळते.

लाल झेंड्याच्या बाबतीत मात्र सकाळच्या चालकांच्या बैठकीत सांगितलेलेच प्रमाण मानावे. बहुतेक ठिकाणी वेग कमी करून हळूहळू पिटकडे यायचे असते, तर काही संघटनांच्या नियमांत कडेला सुरक्षित थांबायचे असते. या बैठकीला उशिरा पोहोचणाऱ्या चालकांशी मी स्वतः कडकपणे वागतो. शर्यतीत चारही चाके ट्रॅकबाहेर गेली, तर घाईने परत घुसू नये. आधी आमच्या चौकीकडे पाहावे, हाताचा इशारा मिळाल्यावर कडेकडेने ट्रॅकवर यावे आणि पुढच्या फेरीला पिटमध्ये येऊन चाकांत अडकलेले गवत, माती आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घ्याव्यात.