गाडीवर असलेल्या चालकाला कामाचे फोन: ब्लूटूथ दिले की पुरे का?

प्रश्न (फोंड्याचा वितरक)
माझी फोंड्यात औषधांच्या घाऊक वितरणाची छोटी एजन्सी आहे आणि आमच्या चार व्हॅन रोज मडगाव, कुडचडे, डिचोली आणि पणजीकडे जातात. गेल्या महिन्यात आमच्या एका चालकाने बोरी पुलाच्या अलीकडे पुढच्या स्कूटरला मागून धडक दिली. स्कूटरवरील बाईंच्या हाताला प्लास्टर घालावे लागले. त्याहून अधिक काही झाले नाही, हे नशीब. चालक तेव्हा फोनवर बोलत होता आणि, लिहिताना संकोच वाटतो, पण तो फोन मीच केला होता. मडगावच्या एका दुकानदाराला एक वाजता दुकान बंद करण्यापूर्वी माल हवा होता, म्हणून ‘कुठवर पोहोचलास?’ एवढेच मला विचारायचे होते. आता चौघांनाही ब्लूटूथ इयरफोन द्यावेत असा विचार आहे. तेवढ्याने भागेल का?

उत्तर (म्हापशाहून, वकील)
कायद्यापुरते सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये, वाहन चालवताना हातात धरलेले संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्ट शब्दांत मोडते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत फक्त रस्ता शोधण्यापुरती सवलत आहे, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. चालक तुमच्या कामावर असताना अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकापर्यंत येते, आणि तुमच्या बाबतीत तर फोनची नोंदही तुमच्याच क्रमांकाची निघेल.

उत्तर (मडगावकर)
कायदा हाताबद्दल बोलतो, धोका मात्र डोक्यात असतो. टोरांटोच्या चालकांवरील एक अभ्यास १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला होता. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनमुळे तो कमी झाल्याचे दिसत नाही, असे त्यात आढळले. कारण समजण्यासारखे आहे. शेजारी बसलेल्या माणसाला वळणावर उभी असलेली गुरे दिसतात आणि तो आपोआप गप्प होतो. कार्यालयात बसलेल्या माणसाला ती दिसत नाहीत, म्हणून तो बिल क्रमांक विचारत राहतो आणि चालक समोर पाहत असूनही त्या वेळी मनाने बिलांच्या गठ्ठ्यात असतो. संदेश वाचणे तर त्याहून वाईट. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत साधारण ४२ मीटर पुढे जाते. इयरफोन दिल्याने चालकाला बोलत राहण्याचा परवानाच मिळेल, असे माझे मत आहे.

उत्तर (थंड मालवाला)
हे सारे मान्य, पण आइस्क्रीमचा माल गाडीत असताना दुकान बंद निघाले आणि चालक फोन घेत नसला, तर तोटा कोणी सोसायचा? ‘गाडी थांबवून बोला’ असे म्हणणे सोपे आहे. आपल्याकडील कित्येक रस्त्यांना बाजूपट्टीच नाही, आणि भर पावसात वळणावर उभी केलेली व्हॅन हाच मोठा धोका ठरतो.

उत्तर (साखळीहून, पूर्वी चालक, आता गाड्यांचे नियोजन)
थांबण्याच्या जागेबद्दल वरच्यांचे म्हणणे खरे आहे, म्हणून आम्ही तो निर्णय चालकावर ऐनवेळी सोडतच नाही. प्रत्येक फेरीतील पेट्रोल पंप आणि मोकळ्या जागा आधीच ठरलेल्या आहेत; माल उतरवून झाला की गाडी सुरू करण्यापूर्वी चालक स्वतः फोन करतो. मदतनीस सोबत असेल तर फोन त्याच्याकडे असतो. कार्यालयातून कोणी फोन केलाच, तर पहिला प्रश्न ‘गाडी चालू आहे का?’ हाच असतो, आणि ‘हो’ म्हटले की फोन करणाऱ्यानेच तो ठेवायचा. सुरुवातीला हिशेबनीसांना हे अपमानास्पद वाटले. मग मी त्यांना एवढेच विचारले की, चोर्ला घाटातून बेळगावला जाणाऱ्या आपल्या गाडीला बराच वेळ रेंज नसते, तेव्हा आजवर कोणाचा धंदा बुडाला? फोंडेकर, एक विचारतो: तुमच्या बिलांवर कोणाचा क्रमांक छापलेला आहे?

फोंड्याचा वितरक
चालकांचाच आहे. दुकानदारांची सोय म्हणून मीच छापून घेतला होता. मला आलेले फोन वेगळे, त्यांना थेट किती येत असतील याचा विचारही केला नव्हता. इयरफोनचा बेत सोडला. नवी बिलबुके कार्यालयाच्या क्रमांकासह छापायला टाकली आहेत, आणि जुनी संपेपर्यंत त्यांवर शिक्का मारू. एक वाजण्याच्या आत माल हवा असलेल्या मडगावच्या दुकानांसाठी गाडी अर्धा तास लवकर सोडायची आहे. चालकांना त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतील, ते देईन.