एकाच थ्रेडने दुसऱ्यांदा लॉक घेतल्यास प्रोग्राम अडकतो : म्यूटेक्सचा कोणता प्रकार निवडावा?

प्रश्न

लिनक्सवरील माझ्या सी प्रोग्राममध्ये अनेक थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे प्रवाह) एकाच लिंक्ड लिस्टवर (एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या यादीवर) काम करतात. नोंद घालणारे फंक्शन म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडकडे राहणारे कुलूप) लॉक करते आणि ती नोंद आधीपासून आहे का हे पाहण्यासाठी शोध घेणारे फंक्शन कॉल करते. तेही तोच म्यूटेक्स लॉक करू पाहते आणि प्रोग्राम तिथेच थांबतो. म्यूटेक्स रिकर्सिव्ह (त्याच थ्रेडला पुन्हा लॉक करू देणारा) करावा असे वाचले, परंतु जीसीसी या कंपायलरला काटेकोर सी९९ (सी भाषेचे १९९९ चे मानक) चा पर्याय दिलेला असल्याने की काय, तो प्रकारच घोषित नसल्याची एरर येते. प्रकार कसा ठरवावा, आणि हाच प्रकार योग्य आहे का?

उत्तर १

आपला अंदाज बरोबर आहे. त्या पर्यायामुळे पॉसिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकातल्या बऱ्याच घोषणा हेडर फाइलमध्ये झाकल्या जातात, म्हणून पहिल्या इन्क्लूडच्या आधी '_एक्सओपन_सोर्स' हा मॅक्रो ७०० या किमतीने डिफाइन करावा. त्यानंतर म्यूटेक्सचे गुणधर्म ठेवणारा अ‍ॅट्रिब्यूट ऑब्जेक्ट इनिशियलाइझ करून त्यावर सेटटाइप फंक्शनने प्रकार नोंदवावा आणि म्यूटेक्स इनिशियलाइझ करताना त्याचा पॉइंटर द्यावा. रिकर्सिव्ह म्यूटेक्स जितक्या वेळा लॉक केला तितक्याच वेळा अनलॉक करावा लागतो.

उत्तर २

कृती बरोबर आहे, पण निवड मला पटत नाही. आधी एररचेक प्रकार लावून पाहावा. त्यात दुसरे लॉक अडकून न पडता 'ईडेडएलके' हा (लॉक अडकणार असल्याचे सांगणारा) कोड परत करते, जो लिनक्सवर ३५ असतो. हा कोड एररनो या एरर कोडच्या नेहमीच्या व्हेरिएबलमध्ये नव्हे, तर फंक्शनच्या रिटर्न व्हॅल्यूत मिळतो. ती तपासली नाही, तर आतल्या फंक्शनचे अनलॉक बाहेरच्या फंक्शनचे लॉक सोडून देते आणि लिस्ट अर्ध्या बदललेल्या स्थितीत इतर थ्रेडच्या हाती पडते, जे अडकण्यापेक्षा वाईट आहे. दोष सापडल्यावर शोधाचे काम लॉक न घेणाऱ्या स्टॅटिक (त्याच फाइलपुरत्या) फंक्शनमध्ये काढावे. लॉक फक्त बाहेरून कॉल होणाऱ्या फंक्शनांनीच घ्यावे.

प्रश्नकर्ता

लिस्ट रिकामी असताना थांबण्यासाठी त्याच म्यूटेक्ससोबत कंडिशन व्हेरिएबलही (सिग्नल येईपर्यंत थ्रेडला थांबवून ठेवणारे साधन) वापरले आहे. त्याने काही फरक पडतो का?

उत्तर २

पडतो, आणि मोठा. कंडिशनवर थांबताना म्यूटेक्स एकदाच अनलॉक होतो. रिकर्सिव्ह म्यूटेक्स त्या क्षणी दोनदा लॉक असेल तर तो प्रत्यक्षात सुटतच नाही, नोंद घालणाऱ्या थ्रेडला तो मिळत नाही आणि ज्या सिग्नलची वाट पाहिली जाते तो कधीच येत नाही. तेव्हा येथे रिकर्सिव्ह प्रकार वापरूच नये.