‘सी यप कून’ला मराठीत काय म्हणावं?

घोडपदेवकर
आमच्या इमारतीच्या स्मरणिकेत आसपासच्या जुन्या वास्तूंवर चार-चार ओळी टाकायच्या आहेत. माझगावला नवाब टँक रोडवर १९१९ सालचं चिनी देऊळ आहे, क्वान कुंग या देवाचं. नाव ‘सी यप कून’. आमचे एक काका ठासून सांगतात की ‘सी’ म्हणजे समुद्र, कारण देऊळ खलाशांचं. चिनी नावात इंग्रजी समुद्र कुठून शिरला, हे मात्र त्यांना सांगता येत नाही. अर्थ काय? आणि एका शब्दात मराठी करायचं तर काय लिहू?

शंकेखोर
काकांना एकट्याला दोष देऊ नका. कोलकात्याच्या टिरेटा बाजारात याच नावाचं देऊळ आहे, त्याचं इंग्रजी स्पेलिंग चक्क समुद्राच्या ‘सी’ने करतात. वर त्याला ‘सी इप चर्च’ म्हणतात! तिथल्या सगळ्याच चिनी देवळांना चर्च म्हणायची रीत आहे.

पण समुद्राचा काही संबंध नाही. दक्षिण चीनच्या कँटनीज भाषेत ‘सी’ म्हणजे चार. ‘यप’ म्हणजे परगणा किंवा तालुका. चार परगणे म्हणजे तोइसान, सुनवुइ, होइपिंग आणि यानपिंग. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतात, पर्ल नदीच्या मुखाच्या पश्चिमेला. जमीन डोंगराळ, खाणारी तोंडं फार, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात इथली माणसं जहाजांत बसून जगभर गेली. कॅलिफोर्नियात सोनं खणायला आणि पुढे रेल्वे बांधायला जे चिनी गेले, त्यांतले बहुतेक या चार परगण्यांचे. ऑस्ट्रेलियात साउथ मेलबर्नला १८६६ सालचं देऊळ आहे, त्याचंही नाव ‘सी यप’. आणि त्यातही क्वान कुंगच.

मंदारिन, म्हणजे चीनची राजभाषा, बोलणाऱ्याला ‘यप’ विचारून उपयोग नाही. मंदारिनने शेवटचे प-त-क कधीच गाळून टाकले. तिकडे ‘यप’चा नुसता ‘ई’ उरलाय.

तारवटी
म्हणजे आमच्यासारखंच की! बारदेश म्हणजे बारा, तिसवाडी म्हणजे तीस, सासष्टी म्हणजे सहासष्ट गावं. गोव्याच्या नकाशावर अशी आकडेमोड मांडूनच ठेवलीय. ‘सी यप’ला बिनधास्त ‘चारदेश’ म्हणा.

घोडपदेवकर
‘चारदेश’ छान आहे, पण स्मरणिकेचा वाचक चार राष्ट्रं समजेल.

शंकेखोर
समजेल खरा. ‘चार परगणे’ लिहा. आणखी एक गंमत. सासष्टीत आज कोणी सहासष्ट मोजायला बसत नाही, तसंच यांचं. पुढे शेजारचा हॉकसान धरून पाच झाले, तेव्हा ‘पाच परगणे’ हे नावही रूढ झालं. परदेशात गेलेल्यांनी मात्र चारच धरून ठेवले. तोइसानचंही जुनं नाव सुननिंग. त्याच नावाचा तालुका हुनान प्रांतातही होता म्हणून १९१४ मध्ये बदललं. बाहेर गेलेला माणूस गावाचं जुनं नाव जास्त दिवस सांभाळतो.

चाकरमानी
खरा प्रश्न ‘कून’चा आहे. त्याचं देऊळ केलंत तर चुकेल. ‘कून’ म्हणजे बैठकीची जागा, आणि हे अख्ख्या ‘वुइकून’चं आखूड रूप. वुइ म्हणजे मंडळ. एका मुलुखाच्या लोकांनी परमुलुखात काढलेलं मंडळ आणि त्याची वास्तू. देव त्यात असतोच, पण देवासाठी वास्तू नव्हे.

मधुमालती
मग ‘धर्मशाळा’? सोपं आहे.

चाकरमानी
नाही हो ताई. धर्मशाळेत तीन दिवस राहून माणूस निघतो, त्याचं नाव कोणी लक्षात ठेवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतली वुइकूनं काय करायची बघा. बोट लागली की धक्क्यावर माणूस हजर. नवख्याला अंथरूण, कामाचा पत्ता, आजाऱ्याची सोय, भांडणाचा निवाडा. कर्जाची नोंदही तिथेच. परतीचं तिकीट काढायचं तर आधी देणं फिटल्याची मंडळाची चिठ्ठी हवी, असा बोटकंपन्यांशी करार होता. म्हणजे पाठीशी उभं राहणारं आणि मानगूट धरणारं घर एकच.

माणूस तिकडेच मेला तर पुरायचे, काही वर्षांनी अस्थी उकरून, स्वच्छ करून हाँगकाँगमार्गे गावी पाठवायचे. आपण अस्थी वाहत्या पाण्यात सोडतो, ते पाण्यापलीकडून परत आणायचे. ‘गळालेलं पान मुळाशी परत जातं’ अशी चार अक्षरांची म्हण आहे त्यांच्यात. याला धर्मशाळा कसं म्हणू?

तारवटी
मी तेच म्हणायला आलो होतो. आमचा नेमका शब्द आहे: कूड! धोबीतलावला गोव्याच्या गावागावांचे कूड आहेत. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत तारवटी, म्हणजे खलाशी, तिथे राहायचा. भिंतीला पेट्या लावलेल्या, एका बाजूला सायबाणीचं (मेरीमातेचं) नाहीतर सांताचं (संताचं) आल्तार, म्हणजे वेदी, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आधी गाव, मग मुंबई. ‘चार परगण्यांचो कूड’!

मधुमालती
मराठी वाचकाला ‘कूड’ म्हटलं की कारवीची, शेणाने सारवलेली भिंत दिसते. माझगावात चिन्यांनी कुडाचं घर बांधलं, असं होईल.

तारवटी
😄 हरलो.

चाकरमानी
लालबाग-परळला आमच्या गावाची खोली होती. वीस-पंचवीस गिरणी कामगार, पाळीपाळीने झोपायचे. तिला सगळे ‘गावकीची खोली’ म्हणायचे. गावातली भांडणं तिथे मिटायची आणि गावच्या देवळाची वर्गणीही तिथेच गोळा व्हायची. मनीऑर्डरही तिथूनच जायची. चार परगण्यांतही मनीऑर्डरीवरच चुली पेटायच्या. पैसे आणि पत्र एकत्र, त्याला ‘चांदीपत्र’ या अर्थाचा शब्द आहे, कँटनीजमध्ये ‘ङान सुन’. त्याच पैशांतून होइपिंगमध्ये बुरुजासारखी उंच घरं उठली, दरोडेखोर आणि पूर दोन्हींपासून बचाव म्हणून. १८०० हून जास्त अजून उभी आहेत. ओसाड बरीच. कोकणातल्या बंद घरांना कुलूप असतं, एवढ्यावर मी थांबतो.

शंकेखोर
एक पोटशंका मीच काढतो. हल्लीच्या रोमन लिपीत हे ‘ग’ने लिहितात, म्हणून कोणीतरी इथे येऊन ‘गून’ आणि ‘ग्वान गुंग’ करा म्हणेल. करू नका. तो ‘ग’ म्हणजे आपला साधा ‘क’, हकार नसलेला. इंग्रजीला क आणि ख वेगळे दाखवता येत नाहीत, आपल्याला येतात. जुनं ‘कून’च बरोबर. (या न्यायाने बीजिंगचं पेइचिंग करावं लागेल, पण तो वाद दुसरीकडे.)

मधुमालती
जाता जाता, ‘हक्का’ नूडल्स यातलंच का? गाडीवर लिहिलेलं ‘हक्काचे नूडल्स’ वाचून मी वर्षानुवर्षं हसतेय.

शंकेखोर
हक्का वेगळे. तो समाज मुळात उत्तरेकडून दक्षिणेत सरकलेला, भाषाही निराळी. कोलकात्यात टेंग्र्याला कातडी कमावण्याचा धंदा त्यांनी उभा केला. ‘हक्का’चा अर्थ पाहुणे घराणी. म्हणजे नूडल्स पाहुण्यांचे, हक्काचे नव्हेत. त्यातला ‘हाक’ म्हणजे पाहुणा. चार परगण्यांतला कोणी अमेरिकेतून पैसे कमावून आला, की त्याला ‘काम सान हाक’ म्हणायचे: सोन्याच्या डोंगराचा पाहुणा. आपल्याच गावात पाहुणा!

चाकरमानी
गणपतीला जातो तेव्हा आम्हालाही विचारतात, ‘कधी इलास, कधी जातलास?’ एका दमात.

घोडपदेवकर
सगळ्यांचे आभार. स्मरणिकेत हे देतोय: ‘सी यप कून: दक्षिण चीनमधल्या चार परगण्यांच्या मंडळींची गावकीची जागा, वास्तूत क्वान कुंगचं देऊळ.’ ‘खोली’चं ‘जागा’ केलं, कारण आख्खी इमारत आहे. काकांना ‘सी’ म्हणजे चार हे सांगितलं. ते म्हणाले, ‘मग खलाशी नव्हते का?’

तारवटी
होते की. सांगा त्यांना, अर्धं बरोबर आहे.