मदत हवी आहे: १३ वर्षांच्या मुलाला टाइप २ डायबेटीस, आहार कसा सांभाळायचा?

माझ्या १३ वर्षांच्या मुलाला टाइप २ निघालाय, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट) ७.४ आलं. वजन आधीपासूनच जास्त होतं, मानेवर काळपट पट्टा होता आणि मी तो मळ समजून रोज घासत बसायचे, तो इन्सुलिन रेझिस्टन्समुळे (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्यामुळे) असतो हे डॉक्टरांनी सांगितल्यावर फार वाईट वाटलं. मेटफॉर्मिन (शुगर कमी करणारं औषध) सुरू आहे, तीन महिन्यांनी परत टेस्ट.

आहारतज्ज्ञ म्हणाल्या क्रॅश डाएट अजिबात नको, वाढीचं वय आहे, उपाशी ठेवायचं नाही. अर्धं ताट भाज्या, पाव भाग प्रोटीन, पाव भाग पिष्टमय पदार्थ, आणि रोज तासभर खेळ. गोड पेयं पूर्ण बंद केली, ज्यूससुद्धा, कारण त्यातली साखर पटकन चढते आणि पोटही भरत नाही. हे घरात जमतंय, आम्ही सगळेच तेच खातो, त्याच्यासाठी वेगळं ताट नाही.

पण शाळेतून आला की भूक आवरत नाही. परवा दप्तरात बिस्किटाचे रिकामे पुडे सापडले, विचारलं तर रडायला लागला, म्हणाला मी वाईट आहे का. मला काही सुचेचना.

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी प्लीज सांगा, संध्याकाळच्या भुकेला पोट भरेल पण शुगर चढणार नाही असं काय देता? आणि लपून खाणं न ओरडता कसं थांबवलंत? काढे, चूर्णं नकोत, औषध डॉक्टरांचंच चालू ठेवणार आहे.