ठेकेदाराने परवानगीविना वरचा मजला बांधला आणि महानगरपालिकेची नोटीस आमच्या नावावर आली. आता काय करावे?

जास्वंद (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर पश्चिम महाराष्ट्रातील एका महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. सासऱ्यांनी १९८९ मध्ये रीतसर मंजुरी घेऊन सुमारे २०० चौरस मीटरच्या भूखंडावर तळमजला बांधला, आणि त्या वेळचा शिक्का मारलेला नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र आजही आमच्या कपाटात आहे. मुलाचे लग्न ठरल्यावर वर दोन खोल्या, एक स्वच्छतागृह आणि बाहेरून जिना काढायचे आम्ही ठरवले आणि ओळखीतून आलेल्या एका ठेकेदाराला मालासकट साडेअठरा लाखांना काम दिले. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर दोन पानी करार झाला. त्यात ‘महानगरपालिकेची मंजुरी ठेकेदार मिळवून देईल’ असे एक वाक्य आहे, आणि मंजुरीचा खर्च म्हणून त्याने ८५ हजार रुपये वेगळे घेतले, जे आम्ही बँकेतून दिले.

काम सुरू होण्यापूर्वी त्याने एक निळा नकाशा आणून दाखवला होता. त्यावर महानगरपालिकेचा शिक्का नव्हता, हे आज लक्षात येते. विचारले तेव्हा, “फाईल आत गेलीय ताई, सही तेवढी राहिलीय,” असे तो म्हणाला. चार महिन्यांत स्लॅब पडला. गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी दूध घ्यायला बाहेर गेले, तर फाटकावर नोटीस चिकटवलेली होती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खालील ती नोटीस असून विनापरवाना बांधकाम काढून टाकण्यासाठी पंधरा दिवस दिले आहेत. नोटीस माझ्या यजमानांच्या नावावर आहे. ठेकेदाराचा तिच्यात उल्लेखही नाही.

त्याला फोन केला तर म्हणतो, “दंड भरला की होऊन जातं, सगळ्यांचं असंच असतं.” उलट उरलेल्या साडेचार लाखांसाठी त्याने वकिलाकडून नोटीस पाठवली आहे. आम्ही त्याला चौदा लाख दिले आहेत. आधाराच्या बल्ल्या काढल्या तेव्हा एका तुळईच्या खालच्या अंगाला गज उघडे दिसत होते, ते त्याने दुसऱ्याच दिवशी गिलावा मारून झाकले, याचीही मला काळजी वाटते. बांधकाम वाचेल का, पैसे परत मिळतील का, आणि आधी कोणाकडे जावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

ओळंबा

ताई, मी बांधकाम अभियंता आहे आणि तीस वर्षे घरांचेच काम करतो. आपल्यासमोर दोन वेगळे वाद उभे आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले तर दोन्हींत नुकसान होईल. ठेकेदाराशी असलेला वाद थोडा थांबू शकतो. महानगरपालिकेशी असलेला वाद थांबू शकत नाही, कारण तिथे पंधरा दिवसांपैकी काही दिवस गेलेले आहेत. महानगरपालिकेच्या दृष्टीने जमीन ज्याची, जबाबदारी त्याची. परवानगी ठेकेदार आणणार होता हा खुलासा खरा असला तरी त्यामुळे बांधकाम अधिकृत ठरत नाही.

उद्याच एखाद्या परवानाधारक वास्तुविशारदाकडे किंवा अभियंत्याकडे जुना मंजूर नकाशा, मालमत्ता पत्रक आणि नोटीस घेऊन जा. कलम ५३ मध्येच अशी सोय आहे की नोटिशीच्या मुदतीत कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत केवळ त्या नोटिशीच्या आधारे बांधकामाला बाधा येत नाही. मुदत टळली की ही सोय हातची जाते.

आता बांधकाम नियमात बसेल का ते पाहू. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांत डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. दाट वस्तीच्या जुन्या गावठाणाबाहेर, नऊ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरसुद्धा, महानगरपालिका क्षेत्रात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा) १.१० मिळतो. म्हणजे आपल्या २०० चौरस मीटरवर २२० चौरस मीटर बांधकाम बसू शकते. तळमजला आणि नवीन मजला यांची मोजमापे सांगितलीत तर बेरीज करता येईल, पण दोन खोल्यांच्या मजल्यामुळे ही मर्यादा ओलांडली जाईल असे मला वाटत नाही. माझी शंका जिन्यावर आहे. तो बाहेरून काढला म्हणता, म्हणजे बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि कुंपण यांच्यात मोकळ्या ठेवायच्या जागेत, गेला असणार. भिंत आणि कुंपण यांच्यात आता किती जागा उरली आहे?

तुळईबद्दल मात्र मी गंभीर आहे. काँक्रीट नीट न दाबल्यामुळे पोकळ्या राहिल्या असतील आणि गज उघडे पडले असतील, तर वरून मारलेल्या गिलाव्याने काहीही दुरुस्त होत नाही. ओलावा आत शिरून गज गंजतात, फुगतात आणि काही वर्षांनी तेच आवरण फुटून खाली पडते. संरचना अभियंत्याकडून रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा ठोकून तपासणारे उपकरण) आणि ध्वनिलहरींची चाचणी करून घ्या. १९८९ चा पाया वरच्या मजल्याचे वजन गृहीत धरून घातला होता का, हेही त्याच्याकडून तपासून घ्या. तो अहवाल नियमितीकरणाच्या अर्जाला जोडावा लागेलच, आणि पुढे ठेकेदाराविरुद्धही तोच आपला सर्वांत भक्कम कागद असेल. अहवाल हाती येईपर्यंत वरच्या खोल्यांत कोणालाही राहायला पाठवू नका.

जास्वंद

मनापासून आभार. तळमजला ९५ चौरस मीटर आहे आणि नवीन मजला ६२. जिन्याच्या बाजूला पूर्वी साडेपाच फूट मोकळी जागा होती, आता दोन फूट उरली आहे. तक्रार शेजारच्या काकूंनी केल्याचे कळले.

ओळंबा

बेरीज १५७ होते, म्हणजे मजला चटईक्षेत्रात बसतो. दोन फुटांच्या सामासिक अंतरावर मंजुरी मिळेल असे मला वाटत नाही. जिना काढून तळमजल्याच्या आतून घ्यावा लागेल, अशी मनाची तयारी ठेवा आणि नवीन नकाशात तो आतच दाखवायला सांगा. जो भाग बसतच नाही तो आपण होऊन काढण्याची तयारी अर्जात लिहिली, तर उरलेल्या मजल्याचा विचार होणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. दंडात्मक शुल्क भरावे लागेलच, परंतु ‘दंड भरला की होऊन जातं’ हे ठेकेदाराचे म्हणणे खरे नाही. जे नियमात बसते तेच शुल्क भरून नियमित होते.

कृष्णाकाठ

मी कोल्हापूरचा आहे. आठ वर्षांपूर्वी माझ्याही घरी असाच प्रसंग आला होता, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे विचारतो, राग मानू नका. साडेअठरा लाख खर्च करताना आपण शिक्का असलेला नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात मागितले का नाही? मीही मागितले नव्हते. माझे तर गच्चीवरचे पत्र्याचे छप्पर आणि एक खोली होती, आणि ती पाडावी लागली. त्या वेळी सगळा दोष ठेकेदाराला देत मी सहा महिने घालवले आणि अर्ज करायचा राहून गेला.

शेजारच्या काकूंबद्दलही सांगतो. त्यांनी तक्रार केली म्हणून त्यांच्याशी बोलणे बंद करू नका. आपला जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आला असेल तर त्यांचा उजेड गेला आहे आणि त्यांचे गाऱ्हाणे खरे आहे. माझ्या शेजाऱ्यांना मी उशिरा भेटलो. आधी भेटलो असतो तर त्यांनी माझे ऐकून घेतले असते, असे ते मला नंतर म्हणाले.

ठाण्याचा वकील

वर अभियंत्यांनी दिलेला क्रम योग्य आहे. कायद्याच्या बाजूने काही मुद्दे जोडतो.

पहिला मुद्दा मुदतीचा. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामाबाबत जे निर्देश दिले, त्यांनुसार कारणे दाखवा नोटिशीला पंधरा दिवस किंवा स्थानिक कायद्यातील मुदत, यांपैकी जी नंतर संपते ती द्यावी लागते. नोटीस बांधकामावर चिकटवण्याबरोबर नोंदणीकृत टपालानेही पाठवावी लागते, व्यक्तिशः सुनावणी द्यावी लागते, आणि अंतिम आदेशानंतरही पंधरा दिवस थांबावे लागते. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणाला हे संरक्षण नाही, पण आपली जागा खासगी आहे. म्हणून लेखी उत्तर द्या, सुनावणी मागा आणि पोच घ्या. त्याच न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात असेही सांगितले आहे की केवळ काळ लोटला किंवा खर्च झाला म्हणून बेकायदा बांधकाम वैध होत नाही. त्यामुळे सहानुभूतीवर विसंबू नका, नियमात बसणाऱ्या नकाशावर विसंबा.

दुसरा मुद्दा ठेकेदाराचा. नोटीस मालकाच्या नावाने आली म्हणून तो सुटला असे नाही. नोटीस ज्याखाली आली त्या नगररचना अधिनियमाच्याच कलम ५२ मध्ये, स्वतःहून असो वा दुसऱ्याच्या सांगण्यावरून असो, जो कोणी विनापरवाना बांधकाम करतो त्याला एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंड सांगितला आहे. बांधणारा हात त्यात येतो. ही तरतूद आपल्या उत्तरात नोंदवा आणि कराराची प्रत जोडा.

पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल. घरबांधणी ही सेवा आहे, हे १९९३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात ठरवले आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असल्याने आपले प्रकरण जिल्हा आयोगाच्याच कक्षेत येते, शुल्क फक्त चारशे रुपये आहे, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. मंजुरीचे ८५ हजार, जिना पाडून आत घेण्याचा खर्च, तुळईची दुरुस्ती आणि दंडात्मक शुल्क, हे सगळे त्यात मागता येईल. मात्र कोणताही आकडा अहवालाशिवाय लिहू नका. त्याच्या वकिलाच्या नोटिशीला आताच उत्तर द्या. काम सदोष आणि विनापरवाना असल्याने साडेचार लाखांची मागणी मान्य नाही, एवढे त्यात स्पष्ट असावे. गप्प राहिलात तर ते पुढे आपल्याविरुद्ध वाचले जाईल.

आणखी एक स्वस्त पण फार उपयोगी काम आहे. आपल्या मिळकतीवर गेल्या दोन वर्षांत बांधकाम परवानगीचा कोणताही प्रस्ताव दाखल झाला होता का, एवढा एकच प्रश्न माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने महानगरपालिकेला विचारा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. ‘प्रस्ताव दाखल नाही’ असे लेखी आले, तर ‘फाईल आत गेलीय’ म्हणून घेतलेल्या ८५ हजारांचा जबाब त्यालाच द्यावा लागेल. त्याचे संदेश मोबाइलमध्ये असतील तर ते काढून टाकू नका, फोनही बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात देता येतात.

जास्वंद

आज वास्तुविशारदांना भेटून आले. सोमवारी मोजणी आहे आणि अर्ज मुदतीच्या आत जाईल असे त्यांनी सांगितले. काल संध्याकाळी काकूंकडेही गेले होते. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन दाखवले. दुपारी चार वाजताच त्यांना ओट्यावरचा दिवा लावावा लागतो. जिना काढणार असल्याचे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी चहा ठेवला.

एक गोष्ट लिहायला मन धजत नव्हते, पण लिहिते. काल संदेश वाचताना माझ्या यजमानांचाच एक संदेश सापडला. लग्नाची तारीख जवळ येत होती, म्हणून त्यांनी ठेकेदाराला लिहिले होते, “सहीला वेळ लागत असेल तर काम सुरू करा, मागाहून घेऊ.” हा संदेश त्याच्याही फोनमध्ये असणारच. आता आमची तक्रार टिकेल का? हा संदेश आम्ही दाखवावा की नाही?

ठाण्याचा वकील

दाखवा, आणि तक्रारीत आपणच आधी लिहा. तो त्याने समोर आणला तर आपण लपवले असा अर्थ निघेल आणि बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहणार नाही. त्या एका वाक्याने आपली बाजू काही प्रमाणात कमकुवत होते, हे मान्य करायला हवे. परवानगी नाही हे माहीत असताना काम सुरू करायला सांगणाऱ्याला दंडात्मक शुल्काची पूर्ण भरपाई मिळेलच असे मी म्हणणार नाही, आणि कदाचित ती रक्कम दोघांत विभागली जाईल. परंतु ‘मागाहून घेऊ’ याचा अर्थ प्रस्ताव दाखल आहे असे आपण समजत होता, असाच होतो. प्रस्ताव मुळात दाखलच नसेल तर ८५ हजारांची फसवणूक तशीच उरते. तुळईतील दोषाचा तर परवानगीशी काहीही संबंध नाही. परवानगी असती तरी ते काम निकृष्टच ठरले असते, आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे त्याची आहे.

संदेशाच्या आधीचे आणि नंतरचे संभाषण तारखांसह छापून घ्या. ‘फाईल आत गेलीय’ हे त्याचे वाक्य संदेशात असेल आणि ते आपल्या संदेशाच्या आधीच्या तारखेचे असेल, तर ते पान सर्वांत वर ठेवा.

ओळंबा

सोमवारी मोजणीच्या वेळी त्या तुळईवरचा गिलावा हातभर खरवडून उघडा करून घ्या आणि शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढा. ठेकेदाराला आदल्या दिवशी लेखी कळवून हजर राहायला सांगा. तो आला नाही तरी कळवल्याची नोंद राहील.