मावशींचा आल्बम आला, शनिवारी सगळे जमूया

बी-२०४: नमस्कार मंडळी. आपल्या तळमजल्यावरच्या मावशींच्या धवल्यांचा आल्बम आज सकाळी यूट्यूबवर आला 🎉 एकूण ११ धवले. लिंक पिन केली आहे. शनिवारी ७ वाजता गच्चीवर जमायचं का? मावशी स्वतः गाणार आहेत.

ए-५०१: अरे वा! मावशी, खूप खूप अभिनंदन 💐

सी-३०२: अभिनंदन! पण धवले म्हणजे नेमकं काय? आम्ही अमरावतीकडचे, कधी ऐकले नाहीत.

बी-२०४: आगरी लग्नातली गाणी. मांडव, हळद, प्रत्येक विधीचा धवला वेगळा आणि तो धवलारीण म्हणते. वाद्य नाही. तिने एक ओळ म्हटली की बाकीच्या बायका मागून उचलतात. मावशी हे सगळं सासूबाईंकडून शिकल्या, कागदावर एक अक्षर नव्हतं. आणि अमरावतीकडचे म्हणता, तर महदंबेने १३व्या शतकात धवळे गायले ते तुमच्या ऋद्धपूरलाच की! रुक्मिणीच्या लग्नाचे.

सी-३०२: हो, आद्य मराठी कवयित्री! शाळेत होती आम्हाला. आता तर येणारच.

ए-१०३: डीजे सांगू का? माझ्या ओळखीचा आहे, स्वस्तात येईल.

बी-२०४: नको दादा, कळकळीने सांगते. हल्ली हळदीला मावशींना मानाने बोलावतात, पण धवला अर्ध्यावर असतानाच डीजे सुरू होतो. तांदळाचं सूप मांडीवर घेऊन त्या तशाच बसून राहतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. रेकॉर्डिंगला मी होते. बेडरूमच्या भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या, पंखा बंद, सगळे घामाघूम. "मना माईक नको" म्हणत त्यांनी डोळे मिटले आणि सुपातले तांदूळ बोटांनी चाळत सुरुवात केली. तो सर्वात लांब धवला शेवटपर्यंत ऐकला तेव्हा कळलं, इतकी वर्षं आपण काय अर्धवट ऐकत होतो. तांदळाची सळसळ रेकॉर्डिंगमध्ये आली आहे. ती काढून टाकत होते, मी हट्टाने ठेवायला लावली. चौथा धवला हेडफोन लावून ऐका.

ए-१०३: पटलं ताई. डीजे कॅन्सल. चहा माझ्याकडून.

सेक्रेटरी: गच्चीला हरकत नाही, पण लिफ्ट तिथपर्यंत जात नाही. स्पीकर लावलात तर रात्री १० ला बंद, तो कायदाच आहे.

डी-१०१: माझ्या गुडघ्यांना जिना झेपणार नाही. खाली पार्किंगमध्ये घ्या ना.

सेक्रेटरी: चालेल काका. सी विंगसमोरच्या गाड्या शनिवारी ५ पर्यंत काढाव्यात, सर्वांना विनंती.

ए-४०२: मी घणसोली गावातलाच. नवी मुंबईसाठी सिडकोने ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, त्यात आमचीही गेली. भातशेती गेली, पण मावशींच्या धवल्यांत भात अजून आहे, खाडी आहे. माझ्या आईच्या हळदीला त्यांच्या सासूबाई गायल्या होत्या. आज लिंक लावली तर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पुढची ओळ आधीच म्हणायला लागली. मुलीचं लग्न ठरलंय. हळदीला मावशीच, आणि सगळे धवले पूर्ण होईपर्यंत दुसरं काही वाजणार नाही. इथेच लिहून ठेवतो.

ए-५०१: 🙏 फार छान केलंत.

बी-००२: मी नातू. आजीला सगळे मेसेज वाचून दाखवले. ती म्हणतेय, तांदळाचे वडे ती स्वतः करणार, कोणी काही आणू नका. पण मागून ओळ उचलायला बायका कमी पडतात. सोबतीच्या दोघी आता गावाला असतात.

सी-३०२: मिसेस विचारतेय, बाहेरच्यांनी म्हटलं तर चालेल का?

बी-००२: आजी म्हणते, शेजारीण बाहेरची कशी?

ए-५०१: माझं नाव लिहा.

डी-१०१: आमची सून येईल, तिचा आवाज गोड आहे.

बी-२०४: मीही आहेच. शुक्रवारी दुपारी ४ ला मावशींकडे या, हळदीचा धवला त्या शिकवणार आहेत. मुलींनाही आणा.